रकाना रिकामा करा

६ ऑक्टोबर १९९३

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कस्तुराबाई, झोप येत नसेल तर डोक्यातलं सगळं वहीत उतरवून काढा." म्हणून ही वही. झोप येईल असं काही वाटत नाही. किल्लारीच्या भूकंपाला आठवडा होत आला तरी आमची अख्खी गल्ली अंगणात झोपते. काल मांजरानं पातेलं पाडलं तर समोरचे सगळे उघड्या अंगानं रस्त्यावर. हे हसायला लागले. म्हणाले, "तुला काय नवीन? तू तर जन्मापासून भूकंपातच राहतेस."

खोटं नाही. मला पालीची भीती वाटते, विजेच्या बटणाची वाटते, रिकाम्या एसटीची वाटते. पण त्या सगळ्या एकीकडं आणि सुमनची काळजी एकीकडं. माझी एकुलती एक लेक, झरीला दिलेली. मागच्या खेपेला माहेरी आणायच्या आधीच सातव्यात मोकळी झाली. मूल गेलं, आणि तिचं रक्त थांबेना. जीपमध्ये घालून परभणीला आणली तेव्हा ओठ पांढरे फटक. तिचा गट बी निगेटिव्ह. जावई, हे, शेजारपाजारचे, सगळे दिवसभर गावभर हिंडले, त्या गटाचा माणूस मिळेना. नांदेडहून बाटली आली म्हणून वाचली. आता पुन्हा सहावा लागलाय, संक्रांतीच्या आसपासची तारीख दिलीय. देवा, मला काही नको, एवढी पोर सुटू दे.

११ ऑक्टोबर

आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला. ठेवला कुठं, तर नोंदणीच्या टेबलावर, म्हणजे माझ्याच उरावर. मी वीस वर्षं केसपेपर लिहितेय, मला कशाला हे?

कॉलेजात शिकवणारे नागनाथ सर आले होते. सोनपेठचे आहेत, सडपातळ, बोलणं मऊ. भूकंपाच्या वेळी रक्तासाठी झालेली पळापळ बघून त्यांनी एक प्रोग्राम लिहिलाय. नाव ठेवलंय 'हाक'. रक्त देणाऱ्याचं नाव, गट, पत्ता भरायचा. मग गट दाबला की त्या गटाची माणसं पडद्यावर. पहिल्याच पडद्यावर लिहिलंय: 'हा प्रोग्राम कुणाच्या मालकीचा नाही. घ्या, बदला, पुढं द्या. काय हवं ते सुचवा.' खाली सुचवणाऱ्यांची नावं यायला जागा ठेवलीय.

मी विचारलं, "सर, फुकट देता, मग तुमच्या हाती काय पडतं?"

"सूचना," म्हणाले आणि हसले.

मला बटणाला हात लावायचा धीर होईना. सत्यशीला सिस्टर बाजूला उभी होती, ती म्हणाली, "दाबा की ताई. चावायलंय का ते?" तिला कशाचीच भीती नाही. दाबलं. बी निगेटिव्ह. चार नावं आली! एक वकील, एक शिंपी, एक कापसाचा अडत्या, एक मास्तर. मी चौघांचे पत्ते पाठ केले. आता रात्री देवाचं नाव घेऊन झालं की त्यांची घेते.

२२ ऑक्टोबर

आज एका अपघाताच्या पेशंटला रक्त हवं होतं. हाकमधून नाव काढलं, शिपाई धाडला. तो माणूस बिचारा धावत आला, आणि कळलं की आठवड्यापूर्वीच एकदा देऊन गेलाय. डॉक्टरीणबाई माझ्यावरच खेकसल्या. सुमनच्या वेळी असं झालं तर?

नागनाथ सरांना चिठ्ठी लिहिली: 'शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख दाखवता येईल का?' लिहिताना हात आखडत होता, मॅट्रिक झालेली बाई मी, मास्तरांना काय शिकवणार.

२९ ऑक्टोबर

सर नवी फ्लॉपी घेऊन आले. तारीख दिसायला लागली! आणि पहिल्या पडद्यावर खाली: 'सूचना: कस्तुराबाई, परभणी'. मी दोनदा बंद करून चालू केलं. ह्यांना मुद्दाम दाखवायला आणलं. म्हणाले, "आता तुझी सही घ्यायला रांग लागेल, मला भाकरी कोण देणार?" पण जाताना वळून पुन्हा वाचलं त्यांनी, मी पाहिलं.

६ नोव्हेंबर

दुसरी सूचना केली. पत्त्यावर माणूस कधी सापडतो का? घरात फोन नाहीत. शिंपी दुपारी मारुतीच्या पारावर पत्ते कुटत असतो, अडत्या सकाळी मोंढ्यात, बाजारात. म्हणून म्हटलं, पत्त्याशेजारी 'कधी कुठं सापडेल' हेही लिहू या. सर टेबलावर थाप मारून म्हणाले, "बाई, हे कॉलेजात बसून मला सात जन्मात सुचलं नसतं!" सत्यशीलानं मला चहा पाजला. आज मला अर्धा दिवस भीती वाटली नाही.

२१ नोव्हेंबर

काल झरीला सुमनची ओटी भरून आलो. पोर बरी आहे, पाय जरा सुजलेत.

पण विहीणबाई! सरजाबाईंचं वजन घरात असं की जावई त्यांच्यासमोर खाटेवर बसत नाहीत. मी म्हटलं, महिन्याभरात सुमनला न्यायला येते. त्या म्हणाल्या, "पहिलं बाळतपण म्हायेरी. ह्ये दुसरं हाय, सासरीच व्हईल." माझ्या पायाखालची जमीनच सरकली. झरीत दवाखाना नाही, काही नाही, मागच्या खेपेचीच सुईण. मी हातापाया पडले. म्हटलं, आमच्याकडं सोय आहे, रक्ताची माणसं शोधायचं यंत्र आहे.

"त्येच म्हनते मी," विहीणबाई म्हणाल्या, "मागं नांदेडची बाटली चढवली, कुनाची व्हती, इचारलं कुनी? आमच्या घरात पोटचं पोर वाढायचंय त्या रगतावर. कोन कुठला, कळाय नगं?"

मी घाबरून काय बोलले, तर, "यंत्रात तशी सोय करून घेते, विहीणबाई. आपल्यातल्याच माणसाचं रक्त घेऊ." मग त्या नरमल्या. मार्गशीर्ष सरत आला की सुमनला पाठवते म्हणाल्या. परत येताना एसटीत मला रडूच आलं, सुटल्यासारखं झालं. एवढीशी सोय, त्यात काय अवघड आहे?

२४ नोव्हेंबर

नागनाथ सरांना सांगितलं. तारखेचा रकाना आहे, जागेचा आहे, तसाच एक 'समाज' म्हणून घाला. नातेवाईक विचारतातच, त्यांचंही समाधान, आपलाही वेळ वाचेल. मला वाटलं टेबलावर थाप मारतील.

सर फ्लॉपीचं पाकीट उघडत राहिले, मिटत राहिले. मग म्हणाले, "हे मी नाही करणार, बाई. पण प्रोग्राम उघडा आहे. कुणाकडूनही करून घ्या. तुम्हाला अडवायचा मला हक्क नाही." चहाही न घेता गेले. त्यांची तब्येत बरी नसावी. किंवा कॉलेजात काही बोलणं बसलं असेल.

२८ नोव्हेंबर

सिताराम, स्टेशनकडं कॉम्प्युटरचा क्लास चालवतो तो, ह्यांच्या मित्राचा मुलगा, त्यानं एका बैठकीत करून दिलं. हुशार आहे. म्हणाला, "मावशी, एकदा समाज भरला की पुन्हा पुन्हा इचारणार न्हाई. त्येच्या ध्यानात राहील. तेवढीच मानसं दाखवील." माझ्यासारख्या विसराळू बाईला बरंच झालं, आपला समाज एकदाच भरून ठेवला.

मग बसून सगळ्यांच्या नावापुढं रकाना भरला. माझे चौघे आपल्यातलेच निघाले. बहुतेकांचं आडनावावरून कळतं. जाधव, पवार असली की पंचाईत, ते सगळ्यांतच असतात. तिथं गल्लीवरून अंदाज केला. नागनाथ सरांचं कळेना, म्हणून सत्यशीलाला विचारलं. ती सलाईनच्या बाटल्या लावत होती. "आमच्याच गल्लीत राहत्यात," म्हणाली आणि वॉर्डात निघून गेली. अस्सं! मला कधी वाटलंच नाही. माणूस किती नीटनेटका.

सत्यशीला दोन दिवस माझ्याकडं चहाला आली नाही. ड्यूटी जास्त असणार.

७ डिसेंबर

काल बाबासाहेबांची पुण्यतिथी, सत्यशीलाच्या वस्तीतल्या विहारात रक्तदान शिबिर झालं. सर आणि सत्यशीला दोघं खपले. पन्नासाच्या वर माणसं आली म्हणे, सगळ्यांचे गट तपासले. सरांनी नावं आज यंत्रात टाकून दिली. मी त्यांच्याशी बोलायला गेले तर त्यांनी मान हलवली नुसती.

ते गेल्यावर मी पहिलं बी निगेटिव्ह दाबून पाहिलं. तेच चार. पन्नास माणसांत एकही नवा नाही! माझं नशीबच फुटकं. जेवण गेलं नाही.

संध्याकाळी सत्यशीला ड्यूटी संपवून चालली होती. दारात थांबून म्हणाली, "ताई, माझंबी नाव आलंय हाकमधी. बघितलं का?" मी म्हटलं, "हो हो, बघितलं." खरं तर कुठं बघितलं, माझं लक्ष कुठं होतं? ती जरा वेळ उभी राहिली नि गेली.

२२ डिसेंबर

सिताराम आला होता. त्यानं आमची फ्लॉपी उतरवून सेलूला, सोनपेठला, आणखी कुठं कुठं दिली. सगळीकडच्या दवाखान्यांना नवा रकाना पसंत पडला. माझं नाव आता तीन सूचनांखाली येतं. ह्यांना सांगितलं तर नेहमीसारखे हसले नाहीत. "ह्या दिवसांत असली गोष्ट कशाला, कस्तुरा?" एवढंच म्हणाले. ह्यांना काही कळत नाही, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे.

९ जानेवारी १९९४

सुमन आली! विहीणबाई स्वतः घेऊन आल्या, आणि आता मोकळी होईपर्यंत इथंच राहणार म्हणाल्या. राहोत, जावईही थांबलेत. पोर नजरेसमोर आहे.

पण गावात हवा बरी नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायची, नामांतराची घोषणा होणार असं जो तो बोलतोय. मोंढ्यातली दुकानं अर्धं शटर ओढून बसतात. मला ह्याच नावावरून पेटलेलं अठ्ठ्याहत्तर साल आठवलं. तेव्हा आम्ही दारं लावून आत बसलो होतो, सुमन आठ-नऊ वर्षांची, दूध मिळालं नाही म्हणून रडत होती. लई वाईट दिवस होते. सत्यशीलाला म्हटलं तसं. ती म्हणाली, "आमी उसाच्या फडात बसलो व्हतो, ताई. आईनं माज्या तोंडावर हात दाबून धरला व्हता. तिकडून घर जळायलेलं दिसत व्हतं." मी तिला म्हटलं, "जाऊ दे, आता तसं नाही व्हायचं." ती म्हणाली, "मग तुमी कशाला भ्यायलात?"

१४ जानेवारी

संक्रांत. घोषणा झाली. तिकडून कुठून तरी फटाक्यांचा आवाज, इकडं सगळं चिडीचूप. एसटी बंद. चौकात टायर जळत होतं, त्याचा वास स्वयंपाकघरात येतो.

शेजारच्या दोघी तेवढ्या वाण घ्यायला आल्या, त्याही मागच्या दारानं. सत्यशीलासाठी तिळगूळ दवाखान्यात नेऊन ठेवलाय. हळदीकुंकवाला तिला कधी बोलवत नाही, तिला तरी कुठं वेळ असतो.

सुमनची कंबर दुखायला लागलीय.

१८ जानेवारी

आज लिहायला बसतेय. सगळं लिहिणार आहे, मला वाईट दिसलं तरी.

पंधराला सकाळी सुमनला कळा सुरू झाल्या. ह्यांनी आणि जावयांनी हातगाड्यावर घालून दवाखान्यात नेलं, रिक्षा एकही नाही. रस्त्यावर काचा. विहीणबाई डोक्यावर पदर घेऊन पुढं, मी मागं. दुपारी बाळ झालं. मुलगी, रडली, चांगली रडली. मी देवाचे आभार मानतेय तोच डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तोंड बघूनच मला कळलं. तेच. रक्त थांबत नव्हतं.

"दोन बाटल्या तरी लागतील. बी निगेटिव्ह. ओ निगेटिव्हही चालेल. लवकर, कस्तुराबाई!"

मी टेबलाशी पळाले. चार नावं. मास्तरांची पुण्याला बदली झालेली. शिंप्याला कावीळ. वकिलानं परवाच एकाला दिलेलं, माझ्याच तारखेच्या रकान्यात दिसत होतं. अडत्या गावाला, आणि गाड्या बंद. ओ निगेटिव्ह दाबलं, एकही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. नांदेडचा रस्ता बंद. मी टेबलावर डोकं आपटून घेतलं. "माझी लेक गेली, माझी लेक गेली," एवढंच तोंडातून येत होतं.

सत्यशीला तिथंच होती. त्या दिवशी ती पांढरा ड्रेस पिशवीत घालून, साध्या लुगड्यावर, आडवाटेनं चालत ड्यूटीवर आली होती. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "ताई, रकाना रिकामा करा."

मला समजेना.

"समाजाचा रकाना. त्यो रिकामा करा, गटबी मोकळा सोडा, नि मग दाबा."

तिनंच माझं बोट धरून खोडलं. दाबलं. पडदा खालपर्यंत भरला. नावांवर नावं. सहा डिसेंबरची माणसं. महिनाभर ती तिथंच होती, आणि मी रोज दाबून रोज म्हणत होते, चारच आहेत. वरून तिसरं नाव सत्यशीलाचं. बी निगेटिव्ह.

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. "तू म्हणाली होतीस," एवढंच बोलता आलं.

"म्हनले व्हते," ती म्हणाली. "तुमी बघितलं म्हनलात."

मग मी काय केलं, तेही लिहिते. मी तिच्या कानाशी लागून म्हटलं, "चल लवकर. विहीणबाईंना काही सांगायचं नाही. सांगू की बाटली आली कुठून तरी."

सत्यशीला जागची हलली नाही. तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "द्यायला मी कवाच तयार हाय. पर चोरून न्हाई द्यायची. माझं नाव घिऊन सांगा त्यांना. मी काय चोरी करायले का?"

आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नाही, भूकंपाला नाही, अठ्ठ्याहत्तरला नाही. विहीणबाई 'नको' म्हणाल्या तर? जावई त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. मी बाकड्यापाशी गेले. म्हटलं, "विहीणबाई, रक्त मिळालंय. ह्या सत्यशीला सिस्टरचं. भीमनगरातल्या आहेत."

विहीणबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं आता उठून जातील. आतून सुमनचं कण्हणं ऐकू आलं, अगदी बारीक. विहीणबाईंच्या हातातला पदर सुटला.

"घ्या," म्हणाल्या. मग माझं मनगट आवळून, हळूच, "पर झरीत कळता कामा न्हाई, इहिनबाई. पोरीला कोन नांदू देईल? शपथ घ्या." मी घेतली. सुमनची शपथ घेतली. सत्यशीलानं ते ऐकलं. ती रक्त तपासायच्या खोलीत गेली.

एक बाटली झाली, दुसरी हवीच होती. पडद्यावर सटवाजी नावाचा गवंडी होता, ओ निगेटिव्ह. 'कधी कुठं सापडेल' यात लिहिलेलं: दुपारी विहाराच्या पायऱ्या. हे आणि जावई औषधाला गेलेले. मी एकटीच निघाले.

त्या गल्लीच्या तोंडाशी माणसं काठ्या घेऊन उभी होती. मला वाटलं इथंच मारतात. मग जवळ गेले तर तेही मला बघून मागं सरले! एकानं विचारलं, "कोन पाहिजे? कोनाच्या तुमी?" हा प्रश्न मी जन्मभर दुसऱ्यांना विचारलाय, मला कधी कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "सटवाजी कोण? रक्त हवंय, माझ्या लेकीला." एका म्हातारीनं गर्दीतून पुढं येऊन मला निरखलं. "सिस्टरच्या इस्पितळातल्या कस्तुराबाई का गं तू? मी सुलाबाई, तिची माय. आमी भ्यालो ना बाई, म्हनलं नावं इचारत कोन आलं आज!" आणि तिनंच हाक मारली, "ए सटवा, चल ऊठ, जा बाईसंगं."

सटवाजी माझ्यापुढं झपझप चालत होता. मी त्याच्या मागं पळत होते. वाटेत तो फक्त एवढंच बोलला, "बाळ बरं हाय का?"

सुमन वाचली. काल तिनं पेज घेतली.

२८ जानेवारी

बारसं झालं. सत्यशीलाला मी घरी जाऊन बोलावलं. ती दुपारच्या सुट्टीत ड्रेसवरच आली. विहीणबाईंनी तिची ओटी भरली, खणाबरोबर चांगलं पातळ ठेवलं, वर बघितलं नाही. झरीच्या बायका कुजबुजल्या, "ह्या कोन?" सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या जिभेवर आलं होतं. म्हटलं, "दवाखान्यातल्या सिस्टर आहेत."

सत्यशीलानं बाळाच्या गालाला बोट लावलं, लाडू घेतला आणि गेली. सुमन पाळण्याशी बसून माझ्याकडं बघत होती. तिला मी सांगितलंय, तिनं मला विचारलंही, "आई, घाबरलीस?" काय सांगू.

८ फेब्रुवारी

नागनाथ सरांच्या कॉलेजात गेले. म्हटलं, "सर, तो रकाना काढून टाका. चूक झाली माझी." त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला खुर्ची दिली, स्वतः पाणी आणून दिलं. आमच्या दवाखान्यातला रकाना त्यांनी लगेच काढला.

"आणि सेलूचा? सोनपेठचा? सिताराम म्हणतो अजून कुठं कुठं गेलाय."

"ते परत मागवता येत नाही, बाई. माझ्या हातातही नाही ते. फार तर नवी सूचना पाठवायची, आणि त्यांनी ऐकावं म्हणून वाट बघायची."

मी म्हटलं, "तुम्ही तेव्हाच मला का नाही झापलंत?" ते खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "घाबरलो होतो."

मला वाटायचं, मीच एकटी भित्री.

१७ फेब्रुवारी

सेलूच्या दवाखान्यातून फ्लॉपी आली. 'तुमचाच प्रोग्राम, आम्ही आणखी सुधारला, बघा.' लावली. आता रक्ताचा गट नंतर विचारतो. आधी विचारतो, समाज कोणता? तो भरल्याशिवाय पुढं जातच नाही. रिकामा ठेवताच येत नाही. आणि खाली ठळक: 'सूचना: कस्तुराबाई, परभणी'.

मी चिठ्ठी लिहायला घेतली नि फाडली. चिठ्ठीनं काय होणार. ह्यांना म्हटलं, सकाळच्या गाडीनं सेलूला जाते. हे म्हणाले, "एकटी? गाडी रिकामी असली तर?" म्हटलं, असू दे.

१८ फेब्रुवारी

सेलूला जाऊन आले. तिथल्या कारकुनानं माझं नाव ऐकल्याबरोबर खुर्ची पुसली, चहा मागवला. "तुमीच का त्या! लय कामाचा रकाना दिला बघा."

मी 'काढून टाका' म्हणणार, तेवढ्यात एक म्हातारा आत आला, धोतर, हातात फेटा, पोराच्या पायावरून ट्रॅक्टर गेलेला. कारकुनानं त्याला समाज विचारला, मग गट विचारला, दाबलं. "एकबी न्हाई, काका. जालन्याला बघा." म्हातारा मटकन खाली बसला. मी ते बसणं ओळखलं.

मी म्हटलं, "रकाना काढा. सगळी नावं दाखवा."

"पर बाई, तुमचीच तर सूचना! नातेवाईक ऐकत न्हाईत, तुमाला ठाव हाय की."

म्हातारा दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. दारात माणसं जमली. मी त्या म्हाताऱ्याकडं बघून म्हटलं, "काका, माझ्या लेकीच्या अंगात सत्यशीलाचं रक्त आहे. भीमनगरच्या सत्यशीलाचं. आणि सटवाजी गवंड्याचं. त्यांच्यामुळं ती आज पोरीला पाजतेय. मी ह्या रकान्यापायी तिला घालवली असती. तुम्ही तुमच्या पोराचं बघा."

म्हाताऱ्यानं फेट्यानं तोंड पुसलं. म्हणाला, "कुनाचंबी असू द्या. बोलवा."

कारकुनाला रकाना काढता येईना, रिकामा ठेवायची सोयच नव्हती. शेवटी नागनाथ सरांची मी आणलेली फ्लॉपी लावली. सेलूची सगळी नावं तिच्यात उघडली, त्या गटाची तीन आली. शिपाई सायकलवर निघाला.

मी पिशवी उचलली तेव्हा म्हातारा हात जोडून उभा राहिला. "लेक कुठं दिली, बाई?"

खोटं बोलावंसं वाटलं. बोलले नाही. "झरीला. सरजाबाईंची सून."

"सरजाबाई!" त्याचं तोंड उजळलं. "आमची सोयरीक हाय की झरीला. येत्या सोमवारी लग्नाला जायलोच आमी."

गाडीत जागा होती तरी मी उभीच राहिले. सुमनची शपथ मोडली मी. विहीणबाई काय करतील, जावई काय करतील, पोरीला तिथं कोण कसं वागवेल, काही म्हणजे काही कळत नाही. अक्षर बघा कसं आलंय.

सुमनला बाळासकट इथंच ठेवते. हे म्हणाले मी येतो बरोबर, नको म्हटलं. सत्यशीलाला विचारलं, "तुझं नाव तिथं घेतलं तर चालेल?" ती म्हणाली, "कवापासनं तेच म्हनायले."

उद्या सकाळी झरीला जाते. बातमी पोचायच्या आधी मी पोचलेलं बरं.